एक्सव्ही६ वापरून बघितला: मेमरीच्या परवानग्यांचे फ्लॅग शिकायला हाच घ्या

आधी निकाल सांगून टाकतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आतून कसा असतो, त्यातही मेमरीच्या कुठल्या पानावर कोणाला वाचायला, लिहायला, चालवायला परवानगी आहे हे कोडमध्ये कसं मांडतात, त्या फ्लॅगना, म्हणजे एकेका बिटाच्या खुणांना, नावं कशी देतात आणि ती कुठे डिफाइन करतात, हे ज्याला मनापासून शिकायचंय त्याने एक्सव्ही६ उतरवून घ्यावा. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच, आणि तो कापताना मला वाईट वाटलंय कारण बाकी माल अगदी उत्तम आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक्सव्ही६ हा एमआयटीने (अमेरिकेतली, पुण्यातली नव्हे) २००६ साली आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कोर्ससाठी लिहिलेला छोटासा कर्नल आहे, युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर. आधी तो इंटेलवाल्या एक्स८६ वर चालायचा, २०१९ पासून कोर्स रिस्क-व्ही प्रोसेसरवर गेला आणि आता सगळे तोच वापरतात. लायसन्स एकदम मोकळं, पैसे शून्य, आणि सोबत शंभरच्या वर पानांचं पुस्तक पण फुकट पीडीएफमध्ये. लिनक्सच्या ओळी कोटींमध्ये मोजाव्या लागतात, हा काही हजारांत आटपतो, म्हणजे नेट लावून वाचायला बसलात तर सगळा वाचून होतो ही काही लहान गोष्ट नाही.

माझ्याकडे कुडाळात रविवारी डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची काही पोरं-पोरी बसतात, त्यांच्याबरोबर हा चालवलाय. आपल्याकडे जूनपासून काय परिस्थिती असते ते सिंधुदुर्गातल्या लोकांना सांगायला नको, एक झाड तारांवर पडलं की लाईट गेली आणि पाठोपाठ नेट गेलं, आणि व्हिडिओ बघून शिकायचं म्हटलं तर गोल फिरतच राहतं. एक्सव्ही६ एकदा उतरवला, कंपायलर आणि क्यूइमू (लॅपटॉपच्या आतच खोटा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) एकदा इन्स्टॉल केलं की पुढे नेट लागतच नाही. जुना लॅपटॉप चालतो. क्यूइमूमध्ये तो १२८ एमबीचं रॅम आणि ३ कोअर घेऊन उठतो, मेक क्यूइमू मारलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत डॉलरचं चिन्ह, म्हणजे हुकूम टाइप करायची जागा, समोर येतं. बाहेर पडायला कंट्रोल आणि ए, मग एक्स, हे मात्र पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा कारण प्रत्येक पोरगं तिथे अडकतं आणि खिडकीच बंद करून टाकतं. मांडवी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना करबुडेच्या बोगद्यात रेंजचा पत्ता नसतो, तिथेही मी याचं कोड वाचत बसतो.

आता मुद्द्याचं. मेमरी ४०९६ बाइटच्या पानांमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक पानामागे पेज टेबलमध्ये, म्हणजे कुठलं पान कुठे आहे त्या यादीत, ६४ बिटांची एक नोंद असते, तिला पीटीई म्हणतात. त्या नोंदीच्या खालच्या १० बिटांत परवानग्या असतात. एक्सव्ही६ मध्ये रिस्कव्ही.एच नावाची एक हेडर फाइल आहे, ती उघडा आणि शेवटाकडे जा, तिथे पाच ओळी आहेत. पीटीई_व्ही म्हणजे १ ला ० घरं डावीकडे सरकवलं, पीटीई_आर म्हणजे १ घर, पीटीई_डब्ल्यू २ घरं, पीटीई_एक्स ३ घरं, पीटीई_यू ४ घरं. व्ही म्हणजे नोंद वैध आहे, आर वाचा, डब्ल्यू लिहा, एक्स चालवा, यू म्हणजे युझर मोडमधल्या प्रोग्रामला हात लावता येईल. संपलं. अख्ख्या कर्नलचं मेमरी संरक्षण या पाच नावांवर उभं आहे.

मला यात सगळ्यात काय आवडलं असेल तर डिफाइन करायची पद्धत. १, २, ४, ८, १६ असे आकडे सरळ लिहिता आले असते, पण इथे "१ इतकी घरं सरकवा" असं लिहिलंय, त्यामुळे रिस्क-व्हीच्या मॅन्युअलमधलं चित्र बाजूला ठेवलं की बिट नंबर ३ तिथेही ३ आणि इथेही ३, बोट ठेवून ताडून बघता येतं. आणि तो १ साधा १ नाहीये, त्याला एल लावलाय, म्हणजे ६४ बिटांचा. खालच्या पाच बिटांना त्याची गरज नाही हे खरं, पण उद्या कोणी वरच्या टोकाचा बिट डिफाइन करायला गेला आणि साध्या १ ला ६३ घरं सरकवली तर साधा इंट ३२ बिटांचाच असतो, सीच्या नियमांप्रमाणे त्याचं काय होईल याची कुणी हमी देत नाही. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली तर पुढचा केवढा तरी त्रास वाचतो.

दुसरं म्हणजे सगळी नावं सरळ बाजूने आहेत. पीटीई_एक्स लावला तर चालवता येतं, नाही लावला तर नाही. इंटेल-एएमडीकडे हेच उलट आहे, तिथे ६३ वा बिट एनएक्स म्हणजे लावला की चालवायला बंदी, आणि आर्म ६४ मध्ये तर यूएक्सएन आणि पीएक्सएन असे दोन, एक युझरसाठी एक कर्नलसाठी, दोन्ही बंदीचे. आता अशा बंदीच्या बिटाला कोडमध्ये परत नकार लावला की नकाराचा नकार होतो आणि वाचणाऱ्याचं डोकं फिरतं. शिकताना सरळ नावं पाहिजेत, एवढ्या एका गोष्टीसाठी मी जुन्या एक्स८६ वाल्या एक्सव्ही६ पेक्षा रिस्क-व्ही वाला घ्या म्हणेन. जुन्यात पीटीई_पी, पीटीई_डब्ल्यू, पीटीई_यू एवढेच कामाचे, वाचायच्या परवानगीला वेगळा बिटच नाही आणि चालवण्याचा तर प्रश्नच नाही, ३२ बिटांच्या साध्या पेजिंगमध्ये ती सोयच नव्हती.

नावं डिफाइन झाली, आता ती वापरली कुठे. व्हीएम.सी फाइलमध्ये कर्नल स्वतःचं पेज टेबल बनवतो तिथे जा. कर्नलचा कोड जिथे आहे ती पानं पीटीई_आर आणि पीटीई_एक्स, पुढचा डेटा आणि उरलेली मेमरी पीटीई_आर आणि पीटीई_डब्ल्यू, सिरियल पोर्ट आणि डिस्कची रजिस्टरं पण आर आणि डब्ल्यू. जे चालवता येतं ते लिहिता येत नाही आणि जे लिहिता येतं ते चालवता येत नाही. ओपनबीएसडी या युनिक्सच्या जातीतल्या सिस्टीमवाल्यांनी २००३ मध्ये डब्ल्यू-झॉर-एक्स म्हणून जे आणलं त्याचं मर्म इथे दोन-चार ओळींत डोळ्यासमोर दिसतं. लिनक्समध्ये हेच शोधायला गेलात तर प्रत्येक आर्किटेक्चरच्या फोल्डरमध्ये वेगळं, त्यात मॅक्रोच्या पोटात मॅक्रो, नवीन माणूस तिथे हरवतोच.

मग आहे युझरच्या स्टॅकखालचं (स्टॅक म्हणजे चालू फंक्शनांची तात्पुरती मेमरी) गार्ड पान. ते पान मॅप केलेलं असतं, फक्त यूव्हीएमक्लिअर नावाचं छोटं फंक्शन त्याच्यावरचा पीटीई_यू काढून घेतं. स्टॅक वाहून खाली गेला की पहिल्या धक्क्यालाच प्रोग्राम पकडला जातो. मला हे फंक्शन फार आवडतं पण त्याचं नाव नाही आवडत, क्लिअर म्हटल्यावर पोरांना वाटतं पान पुसलं म्हणजे शून्य भरले, प्रत्यक्षात बाइटला हातसुद्धा लावलेला नसतो, एक परवानगी काढलीय फक्त. वर कॉमेंट आहे म्हणून निभावतं.

आणि फ्रीवॉक, पेज टेबलची स्वतःची पानं मोकळी करणारं फंक्शन. रिस्क-व्हीमध्ये नियम असा की नोंद वैध आहे पण आर, डब्ल्यू, एक्स तिन्ही शून्य आहेत तर ती पान दाखवत नाही, पुढच्या पातळीचं टेबल दाखवते. तीन पातळ्या असतात, प्रत्येकीला पत्त्यातले ९ बिट. फ्रीवॉकमध्ये ही तीन बिटांची तपासणी तिथल्या तिथे उघडी लिहिलीय, तिला नाव नाही. लिनक्समध्ये यासाठी लीफ नावाची फंक्शनं आहेत. मी असतो तर इथेही एक नाव दिलं असतं, कारण "तिन्ही शून्य" हे वाचून कळतं की काय तपासलं, का तपासलं हे कळत नाही.

आता तो अर्धा गुण. एक्झेकवाल्या फाइलमध्ये फ्लॅग्सटूपर्म नावाचं चिमुकलं फंक्शन आहे. प्रोग्राम डिस्कवरून मेमरीत चढवताना ईएलएफ फाइलमधले (कंपाइल झालेला प्रोग्राम ज्या साच्यात ठेवतात ती फाइल) फ्लॅग वाचायचे आणि त्यांचे पीटीईचे फ्लॅग करायचे एवढंच त्याचं काम. आत काय लिहिलंय, तर फ्लॅगमध्ये हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) १ असेल तर पीटीई_एक्स, हेक्स २ असेल तर पीटीई_डब्ल्यू. नुसते आकडे! आणि गंमत नाही, दुःख हे आहे की ईएलएफ.एच मध्ये या आकड्यांना नावं दिलेली आहेत, ईएलएफ_प्रॉग_फ्लॅग_एक्झेक म्हणजे १, राइट म्हणजे २, रीड म्हणजे ४. नावं घरात आहेत आणि वापरली नाहीत. मालवणकडून येणारी एक मुलगी आहे, डिप्लोमा दुसऱ्या वर्षाची, तिने ती ओळ वाचली आणि विचारलं, "दादा, ह्यो एक खयचो?" अगदी बरोबर प्रश्न, आणि ज्या कोडमध्ये हा प्रश्न पडतो तिथे नाव देणाऱ्याचं काम अपुरं राहिलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण बघा, १ कुठला हे खरंच साधं नाहीये. ईएलएफ फाइलमध्ये १ म्हणजे चालवा. प्रोग्रामने एममॅप करून मेमरी मागितली तर तिथे प्रॉट_रीड म्हणजे १, प्रॉट_राइट २, प्रॉट_एक्झेक ४. आणि पेज टेबलच्या नोंदीत १ म्हणजे पीटीई_व्ही, वैध. २ घ्या, ईएलएफमध्ये लिहा, प्रॉटमध्ये लिहा, पेज टेबलमध्ये वाचा. ४ घ्या, ईएलएफमध्ये वाचा, प्रॉटमध्ये चालवा, पेज टेबलमध्ये लिहा. म्हणजे ज्याला आपल्या वाडीत आंब्याखालचा कुणगा म्हणतात त्याचा सातबाऱ्यावर गट नंबर वेगळा आणि जुन्या कागदावर सर्व्हे नंबर वेगळा, जमीन तीच, पण एका कागदावरचा नंबर दुसऱ्या कागदावर लिहिलात तर दुसऱ्याचंच शेत निघतं. समजा कोणी प्रॉट_रीड आणि प्रॉट_राइट मिळून जो ३ होतो तो जशाच्या तसा पीटीईमध्ये टाकला, तर तिथे ३ म्हणजे वैध आणि वाचा, लिहायला गेलं की फॉल्ट. ईएलएफचा वाचा-चालवा म्हणजे ५ तसाच टाकला तर वैध आणि लिहा, वाचा नाही, आणि रिस्क-व्हीमध्ये वाचण्याशिवाय लिहिण्याची परवानगी हे कॉम्बिनेशन राखीव आहे, हार्डवेअर फॉल्टच देतं. कंपायलर मात्र गप्प बसतो कारण त्याच्या लेखी हे सगळे पूर्णांकच.

म्हणूनच नावापुढचा तो पीटीई, प्रॉट, ईएलएफ हा टिळा महत्त्वाचा. त्यावरून कळतं की हा आकडा कुठल्या कागदावरचा आहे. लिनक्समध्ये अजून एक थर आहे, व्हीएम_रीड, व्हीएम_राइट, व्हीएम_एक्झेक, म्हणजे पानापानाचं नाही तर मेमरीच्या अख्ख्या पट्ट्याचं, ते पण १, २, ४, आणि पेज टेबलमधल्या परवानग्यांना तिथे पीजीप्रॉट_टी असा वेगळा स्ट्रक्ट टाइप दिलाय, त्यामुळे तिथे साधा आकडा सरळ टाकायला गेलात तर कंपायलर अडवतो. एक्सव्ही६ मध्ये पीटीई_टी हा नुसता ६४ बिटांचा पूर्णांक आहे. शिकवायला सोपं म्हणून केलंय हे मान्य, तरी पुस्तकात याबद्दल एक परिच्छेद असता तर बरं झालं असतं. विंडोजची तर तऱ्हाच निराळी, तिथे पेज_रीडओन्ली २, पेज_रीडराइट ४, पेज_एक्झेक्यूट_रीडराइट हेक्स ४०, प्रत्येक जोडीला स्वतंत्र नाव, यांना एकमेकांत ऑर करायचंच, म्हणजे बिट एकत्र मिसळायचंच, नसतं. दोन्ही पद्धती समोर ठेवल्या की पोरं मस्त भांडतात कुठली बरी यावर. माझं मत बिटांच्या बाजूने, पण विंडोजवाल्या पद्धतीत निरर्थक कॉम्बिनेशन लिहिताच येत नाही हा फायदा नाकारता येत नाही.

फ्लॅग्सटूपर्ममध्ये वाचण्याची परवानगी दिसत नाही हे पण बऱ्याच जणांना खटकतं. ती पुढे यूव्हीएमअ‍ॅलॉकमध्ये लावतात, पीटीई_आर आणि पीटीई_यू कायम, वर जे आलं ते. त्यामुळे ते राखीव कॉम्बिनेशन तयारच होत नाही. रिस्क-व्ही वाल्या एक्सव्ही६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर युझरची सगळी पानं वाचा-लिहा-चालवा अशी सरसकट असायची, आताची आवृत्ती त्या मानाने खूप सुधारलीय, तेव्हा मित्राच्या पेनड्राइव्हमधली जुनी कॉपी घेऊ नका.

नुसतं वाचून कोणाचं समाधान होत नाही, तर करून बघायची सोय पण झकास आहे. यूझरटेस्ट्स नावाचा मोठा टेस्ट प्रोग्राम सोबत येतो, त्यात टेक्स्टराइट म्हणून एक टेस्ट आहे, ती युझर प्रोग्रामच्या शून्य पत्त्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कोडवरच, १० लिहायचा प्रयत्न करते. चालवा आणि स्क्रीनकडे बघा. यूझरट्रॅप, अनएक्स्पेक्टेड एसकॉज (म्हणजे अडकण्याचं कारण), हेक्स एफ, पुढे पीआयडी (प्रोसेसचा नंबर). एफ म्हणजे १५, आणि १५ म्हणजे लिहिताना आलेला पेज फॉल्ट. वाचताना आला तर १३, कोड चालवायला उचलताना आला तर १२. पीटीई_डब्ल्यू लावलेला नव्हता म्हणून प्रोसेसरने थांबवलं, कर्नलने प्रोसेस मारली. मग आम्ही फ्लॅग्सटूपर्ममध्ये डब्ल्यू सरसकट लावून परत चालवलं, आणि तीच टेस्ट नापास! लिखाण गुपचूप होऊन गेलं म्हणून नापास. एका बिटाने एवढा फरक पडतो हे ज्याने स्वतःच्या हाताने बघितलं त्याला आयुष्यात परत समजवावं लागणार नाही.

एक बारकावा अजून, हा मला फार मोलाचा वाटतो. फ्लॅग डिफाइन केला आणि हार्डवेअर तपासतंय म्हणून काम झालं असं नाही. रीड सिस्टीम कॉलमध्ये (प्रोग्राम कर्नलला वाचून दे म्हणतो तेव्हा) कर्नल स्वतः युझरच्या पानावर लिहितो, आणि एक्सव्ही६ मध्ये कर्नलचं पेज टेबल वेगळं असल्यामुळे तिथे युझरच्या पानाची परवानगी प्रोसेसर बघतच नाही. कॉपीआउट फंक्शनने ती स्वतः बघायला हवी. पूर्वी ते व्ही आणि यू एवढंच बघायचं, म्हणजे जिथे प्रोग्रामला लिहायची बंदी तिथे कर्नलकडून लिहून घेता यायचं. आता तिथे पीटीई_डब्ल्यूची स्पष्ट तपासणी आहे. कोड वाचताना त्या ओळीवर थांबा.

कोर्सच्या लॅब पण खुल्या आहेत आणि नावं द्यायचा खरा सराव तिथेच होतो. २०२१-२२ च्या लॅबमध्ये एक काम असं की कुठल्या पानांना हात लागलाय ते शोधा, आणि त्यासाठी पीटीई_ए तुम्हालाच डिफाइन करायला लावतात, आकडा मॅन्युअलमधून शोधून. तो बिट ६. कॉपी-ऑन-राइटच्या (लिहायची वेळ येईपर्यंत पानाची नक्कल न करण्याच्या) लॅबमध्ये तर हार्डवेअरने सॉफ्टवेअरसाठी मोकळे सोडलेले बिट आहेत, ८ आणि ९, त्यातला एक घेऊन स्वतःची खूण बनवायची. बहुतेक जण पीटीई_सीओडब्ल्यू लिहितात. आमच्या त्या मालवणच्या मुलीने वर कॉमेंट घातली की हा बिट प्रोसेसर वाचत नाही, फक्त आपला कर्नल वाचतो, आणि फोर्क करताना (प्रोसेसची नक्कल काढताना) पीटीई_डब्ल्यू काढतो तेव्हाच हा लावायचा. बरोबर हीच माहिती तिथे पाहिजे, कारण नुसतं नाव बघून हार्डवेअरचा फ्लॅग कुठला आणि आपला कुठला ते ओळखता येत नाही. मोठमोठ्या कर्नलमध्ये पण अशी कॉमेंट मिळेलच असं नाही.

घ्यायच्या आधी दोन कामाच्या गोष्टी. नव्या आवृत्तीला क्यूइमू किमान ७.२ लागतो, उबुंटू २२.०४ च्या भांडारातला त्याहून जुना आहे, तेव्हा २४.०४ टाका नाहीतर मेकफाइल सुरुवातीलाच अडवेल. कंपायलर आणि क्यूइमूचं डाउनलोड बऱ्यापैकी मोठं असतं, पाऊस लागायच्या आत किंवा शहरात गेलात की चांगल्या वायफायवर उरकून घ्या. रिस्क-व्हीच्या प्रिव्हिलेज्ड मॅन्युअलमधलं एसव्ही३९ चं (हीच तीन पातळ्यांची पेज टेबलं) प्रकरण पण उतरवा, आणि पुस्तकातलं पेज टेबलचं प्रकरण झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्या, लाईट गेली तरी वाचता येतं.